गेलनच्या दारचा बर्फ

गेलन टोस्ट्रुड हा मनुष्य चांगला आहे, ही गोष्ट मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो. कारण लेखनाच्या ओघात ती नमूद करण्याची इच्छा मला पुढे राहील, याची शाश्वती मला स्वतःलाही नाही.

तो चांगला आहे म्हणूनच सारा अनर्थ ओढवला. अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या लून पॉइंट या वसाहतीत सेवानिवृत्त माणसे राहतात, मध्यभागी नऊ खड्ड्यांचे गोल्फचे मैदान आहे, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्या मैदानासकट सर्व चराचर सृष्टी बर्फाखाली असते. आमच्या या भागात शेजाऱ्याच्या दारचा बर्फ काढणे हे सत्कृत्य मानले जाते. त्याचे पैसे द्यावयाचे नसतात. देऊ केल्यास तो अपमान होतो. त्या उपकाराची फेड एकाच मार्गाने होऊ शकते, ती म्हणजे पुढील हिमवर्षावात आपण त्याच्या आधी उठून त्याच्या दारचा बर्फ काढणे. जो ही फेड करू शकत नाही त्याला कोणी काही बोलत नाही. न बोलण्यातच सर्व येते.

गेलन तीन हिवाळ्यांपूर्वी शेजारी राहावयास आला. त्याच्याजवळ चार जाड चाकांची, मोटारसायकलीसारखे हँडल असलेली पेट्रोलची गाडी आहे, आणि तिच्या पुढे बर्फ ढकलण्याचे पिवळे पाते आहे. मी सहा वाजता बूट चढवून बाहेर यावे, तर रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची माझी वाट स्वच्छ. मी पाच वाजता उठून पाहिले, वाट स्वच्छ. साडेचार वाजता उठलो, तेव्हा तो नुकताच निघून जात होता आणि जाता जाता त्याने हात केला. मीही हात केला. तो हात माझ्या आयुष्यातील सर्वांत जड हात होता.

त्याउपर माझी पत्नी अर्लिस खिडकीत उभी राहून त्याच्या कामाचे रसग्रहण करी.

"कडा बघ कशी काढतो," ती म्हणे. "फूटपट्टी लावल्यासारखी."

"यंत्र काढतं कडा. माणूस नुसता बसलेला असतो."

"बसायला पण यावं लागतं, वर्लिन."

पहिल्या हिवाळ्यात तिने त्याला कॉफी पाठवली. दुसऱ्या हिवाळ्यात केक पाठवला. हे मी सहन केले. तिसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या पहिल्या सप्ताहात, तिने त्याला खजुराच्या वड्या पाठवल्या. खजुराच्या वड्या आमच्या घरी वर्षातून एकदा होत असत, आणि तो दिवस माझ्या वाढदिवसाचा असे. एकेचाळीस वर्षांचा हा प्रघात होता. मी मनाशी एवढेच ठरवले की या हिवाळ्यात, केवळ एकदा, गेलनच्या दारची वाट मी त्याच्या आधी मोकळी करीन. एकदा फेड झाली की मी पुनश्च मान वर करून त्याला हात करू शकेन, एवढीच माझी आकांक्षा होती.

फावडे डॉक्टरांनी पाठीच्या कारणाने वर्ज्य केले होते. उरली माझी गोल्फची गाडी. ही विजेवर चालणारी दोन आसनांची गाडी हिवाळ्याचे पाच महिने गॅरेजमध्ये चादर पांघरून पडून राहते. एके दिवशी मी तिच्याकडे पाहिले आणि माझ्या अंतःकरणात प्रकाश पडला.

पाते टपालाने मागवले. ते आले तेव्हा त्याच्याबरोबर एक पुस्तिका आली, आणि पुस्तिकेच्या पाठोपाठ सेल्मर आला. सेल्मर हा माझा बालमित्र. त्याने तीस वर्षे शाळेची बस चालवली, आणि ज्या अर्थी बसमध्ये बॅटरी असते त्या अर्थी तो स्वतःला विद्युत्‌शास्त्रातील अधिकारी पुरुष समजतो. मी शाळा दहावीत सोडून चीजच्या कारखान्यात लागलो, त्यामुळे त्याच्या ज्ञानाला आव्हान देण्याचे माझ्याजवळ साधन नव्हते.

"पातं वर-खाली कशानं करणार?" त्याने विचारले.

"दोर गुंडाळणारी एक छोटी मोटर आहे. बारा व्होल्टवर चालते."

"आणि तुझी गाडी?"

"सहा बॅटऱ्या, प्रत्येकी सहा व्होल्टच्या. एकूण छत्तीस. पुस्तिकेत लिहिलंय की छत्तीसाचे बारा करणारा एक डबा मिळतो, तो बसवा. नाहीतर..."

"पुस्तिका लिहितो कोण? डबा विकणारा." सेल्मरने आसन उचलून आत बोट दाखवले. "सहातल्या दोन बॅटऱ्यांवरून वायर घे. सहा आणि सहा किती?"

"बारा."

"झालं मग. कशाला डबा हवा?"

डबा येण्यास दोन आठवडे लागणार होते, आणि रेडिओने पुढच्या आठवड्यातील गुरुवारी हिमवर्षाव वर्तवला होता. मत्सराचा एक गुणधर्म मी येथे नोंदवून ठेवतो: त्यास दोन आठवडे कधीच नसतात. मी दोन बॅटऱ्यांवरून वायर घेतली. पात्याची मोटर फिरली, पाते वर गेले, पाते खाली आले. मी ते सतरा वेळा वर-खाली केले.

येथेच थांबलो असतो तर ही हकीकत येथेच संपली असती. परंतु गेलनच्या गाडीवर एक पिवळा फिरता दिवा आहे. तेव्हा मी दोन बसवले. अंधारात काम करावयाचे म्हणजे पुढे झगझगीत दिवे आले. वारा लागू नये म्हणून काच आली. काच आली म्हणून वायपर आला. माझ्या पाठीचा विचार करून गरम होणारी गादी आली. हॉर्न आला, कारण पूर्वीचा हॉर्न बदकासारखा वाजे आणि त्या आवाजाने कोणावरही छाप पडणे शक्य नव्हते. रेडिओ का आला, हे मला आज सांगता येणार नाही. प्रत्येक वस्तू आली की सेल्मर येई, आणि त्याच दोन बॅटऱ्यांना आणखी एक वायर जोडून जाई. शेवटी त्या दोन बॅटऱ्यांवर वायरींचे असे जाळे झाले की झाकण बसेना. बाकीच्या चार नुसत्या पाहत होत्या.

अर्लिसने गॅरेजमध्ये येऊन सर्व दिवे लावून पाहिले.

"वेगळंच आहे," ती म्हणाली.

आमच्या भागात ज्या वस्तूविषयी काहीही चांगले बोलणे अशक्य असते तिला 'वेगळंच आहे' म्हणतात. लग्नात माझ्या सुटाविषयी तिच्या आईने हेच उद्गार काढले होते.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या रहिवासी संघाच्या चिटणीस श्रीमती बर्नेट स्टॅल्की आल्या. त्यांच्या हाती नियमांची वही होती. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"वर्लिन, मला एवढंच सांगा, ही गाडी आहे की उपकरण?"

"काय फरक पडतो?"

"गाडी असेल तर गोल्फच्या गाड्यांना नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर बंदी आहे. कलम नऊ."

"मग उपकरण म्हणा."

"उपकरणाला बसायची जागा असता कामा नये. कलम चौदा."

"म्हणजे मी उभं राहून चालवू?"

"उभं राहून चालवलं तर ते खेळणं होतं. त्याचं कलम वेगळं आहे." त्यांनी गादीवर हात ठेवला आणि तो क्षणभर तेथेच राहू दिला. "ऊबदार आहे हो."

"पाठीसाठी."

"माझीही पाठ धरते हल्ली." मग त्यांनी स्वतःस सावरले. "एक मार्ग आहे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती आणा. मग मी तिला 'इतर' या सदरात घालते."

माझ्या एका बाजूस जे दांपत्य राहते ते हिवाळ्यात फ्लोरिडात असते. त्यांनी टपालाने संमती पाठवली आणि सोबत समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी उभे असलेल्या स्वतःचे छायाचित्र पाठवले, जे पाठवण्याची आवश्यकता नव्हती. दुसऱ्या बाजूस गेलन राहतो.

शत्रूच्या किल्ल्याची भिंत फोडण्यासाठी त्याच्याचकडे पहार मागावयास जाणाऱ्या सेनापतीची मनःस्थिती कशी असेल, याची कल्पना मला त्या दिवशी आली. गेलनने दार उघडले, आत बोलावले, मी नको म्हटले, त्याने पुन्हा बोलावले, मी पुन्हा नको म्हटले, तिसऱ्यांदा आत गेलो. ही रीतच आहे. टेबलावर आमच्या घरचे ताट होते. त्यात खजुराची एकच वडी शिल्लक होती. ती त्याने मला देऊ केली.

"फार छान करते अर्लिस," तो म्हणाला. "घे ना."

"नको. पोट भरलंय."

त्याने कागद पूर्ण वाचला. माणसे असले कागद वाचत नाहीत, नुसती सही करतात. तो वाचत होता.

"बर्फाचं पातं लावलंस गाडीला? अरे वा. मागच्या चाकांवर वजन टाकलंस का?"

"वजन कशाला?"

"हलकी गाडी आहे रे. पात्यानं बर्फ ढकलायला गेलास की चाकं जागच्या जागी फिरतील. माझ्याकडे वाळूच्या चार पिशव्या पडल्यात. घेऊन जा."

"नको."

"पडूनच आहेत."

"नको, खरंच."

"अरे घे."

तिसऱ्या वेळी हो म्हणावे असा संकेत आहे. मी संकेत मोडला आणि चौथ्यांदा नको म्हटले. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटले. ते काय होते हे मी तेव्हा पाहिले नाही, कारण मी सहीचा कागद खिशात घालण्यात गुंतलो होतो.

त्या गुरुवारी बर्फ पडला. मी चार वाजता उठलो. माझी वाट स्वच्छ होती, आणि गॅरेजच्या दाराशी वाळूच्या चार पिशव्या नीट रचून ठेवलेल्या होत्या.

उरलेल्या बर्फावर, म्हणजे गेलनने ज्यास हात लावला नव्हता अशा अर्लिसच्या फुलांच्या वाफ्यालगत, मी पहिली चाचणी घेतली. मागची चाके जागच्या जागी फिरली. मी अधिक जोर लावला. चाके अधिक फिरली, आणि गाडी हळूहळू आडवी होऊन वाफ्यात शिरली. पात्याने तेथील मुळे जमिनीतून वर काढली. अर्लिस खिडकीत होती. तिने पडदा ओढून घेतला, हे तिच्या स्वभावातील औदार्य.

सायंकाळी मी त्या चार पिशव्या सेल्मरकडून उचलवून मागे ठेवल्या. दुसऱ्या चाचणीत गाडी रेषेत गेली. गेलनचे म्हणणे खरे ठरल्याचा मला किती विषाद झाला, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

आता प्रश्न वेळेचा होता. गेलनपेक्षा लवकर उठणे मनुष्यास शक्य नव्हते. मी विचार केला: तो झोपलेला नसेल, जागा असेल, आणि तरीही जागचा हलू शकणार नाही, अशी वेळ कोणती? उत्तर मला रविवारी चर्चमध्ये सापडले. गेलन आमच्या चर्चच्या गायकवृंदात उंच पट्टीत गातो. तो नाताळाच्या आधीचा रविवार होता, आणि त्याचे एकट्याचे गाणे होते, तेही अगदी शेवटी. (तो गातोही चांगला. मी काय करू?) दुसरे प्रार्थनागीत सुरू झाले आणि खिडकीबाहेर बर्फ पडू लागला, मोठा, जड, दाट बर्फ. गेलनने गाता गाता खिडकीकडे पाहिले. मी गेलनकडे पाहिले. तो लांब झग्यात, दोन रांगांच्या मधोमध अडकलेला होता.

प्रवचनास आरंभ होताच मी उठलो.

"कुठे चाललास?" अर्लिसने कुजबुजत विचारले.

"पोटात कसंतरी होतंय."

"मोटार नेऊ नकोस, मी घरी कशी येऊ?"

मी मोटार नेली. त्या क्षणी मी विवाहित मनुष्य नव्हतो, मी एक ध्येय होतो.

घरी पोहोचताच मी गाडी बाहेर काढली आणि गेलनच्या दारी गेलो. बर्फ घोट्याच्या वर आला होता. मी सर्व दिवे लावले. भर दिवसा दिव्यांची गरज नव्हती, परंतु विजय अंधुक उजेडात का साजरा करावा? दोन्ही पिवळे दिवे फिरू लागले. वायपर चालला. गादी तापली. रेडिओवर कोणीतरी डुकरांचे बाजारभाव सांगत होते. मी पाते खाली सोडले आणि पुढे निघालो, आणि सांगावयास मला अत्यंत आनंद वाटतो की बर्फ हलला. तो पात्याच्या कडेने वळत, गुंडाळत बाजूस पडत गेला, आणि मागे काळी वाट उघडी पडली. मी मागे वळून पाहिले. कड सरळ होती. मी दुसरी फेरी केली. तिसरी केली. प्रत्येक फेरीत पाते वर, पाते खाली. हॉर्न एकदा वाजवला, कोणी नसताना.

चौथ्या फेरीस, वाटेच्या बरोबर मध्यावर, डुकरांचे भाव सांगणारा मनुष्य शब्द अर्धवट ठेवून थांबला. पिवळे दिवे फिरण्याचे मंदावले, मग प्रत्येक फेरा पुरा करताना त्यांना विचार पडू लागला. वायपर काचेच्या मध्यावर उभा राहिला. मी पाय दाबला. गाडीने एक दीर्घ श्वास टाकला आणि ती संपली. गादी मात्र अजून ऊबदार होती, तीही थोड्याच वेळात निवत गेली, आणि मला ते निवणे खालून क्रमाक्रमाने कळत होते.

गाडी वळता वळता वाटेत आडवी उभी राहिली होती. पाते खाली होते, आणि पाते उचलणारी मोटर त्याच दोन बॅटऱ्यांवर होती. वाळूच्या चार पिशव्यांमुळे ती ढकलवत नव्हती. म्हणजे मी गेलनची अर्धी वाट मोकळी केली होती, आणि ती अर्धी मोकळी वाट स्वतःच अडवून बसलो होतो. वरून बर्फ पडतच होता.

प्रथम सेल्मर आला. चर्चहून घरी जाण्याचा त्याचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. त्याने आसन उचलून आत पाहिले.

"दोनच मेल्यात," तो म्हणाला. "चार ठणठणीत आहेत."

"मग चालत का नाही?"

"सहाही एकाच साखळीत आहेत ना. दोन मेल्या की बाकीच्या चार काय करणार?" त्याने झाकण ठेवले. "डबा बसवायला हवा होता तू."

त्यास मी जे उत्तर दिले ते रविवारी शोभेल असे नव्हते, म्हणून येथे देत नाही.

नंतर गेलनचा ट्रक वळणावर दिसला. पुढच्या आसनावर त्याच्या शेजारी अर्लिस बसली होती. मी तिला चर्चमध्ये सोडून आलो होतो, आणि अर्थातच तिला घरी आणणारा मनुष्य तोच होता. त्याच्या ओव्हरकोटाखालून वृंदाचा झगा दिसत होता. माझा पराजय इतका परिपूर्ण होता की त्यात सुधारणेस वाव नव्हता.

अर्लिस उतरली. तिने माझ्याकडे, गाडीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"पोट कसं आहे?" तिने विचारले.

मी गेलनला म्हणालो, "बॅटरी गेली. तुझी गाडी काढ, मला ओढून बाजूला कर, आणि उरलेलं तूच कर. तुझं पाच मिनिटांचं काम आहे."

गेलन त्या काळ्या वाटेवरून चालत गेला, टोकापर्यंत गेला, आणि परत आला. मग त्याने टोपी काढली. बर्फ त्याच्या डोक्यावर पडत होता.

"हे तू केलंस?"

"अर्धंच झालं."

"माझ्यासाठी?"

यावर खरे उत्तर फार लांबलचक झाले असते. मी मान हलवली.

"तीन हिवाळे झाले," तो म्हणाला. "पस्तीस घरांची वाट काढतो मी. वड्या मिळतात, केक मिळतात. पण माझ्या दारचा बर्फ आजवर कुणी काढला नव्हता. मला वाटायचं, मी या गावाला आवडलोच नाही. वाळू पण तू नको म्हणालास, तेव्हा तर खात्रीच झाली."

अर्लिसने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जी मी आमच्या लग्नाच्या दिवसानंतर पाहिली नव्हती. मला ती मिळाली याचा आनंद झाला, आणि मी तिला पात्र नाही हेही ठाऊक होते, आणि ते मी तिला सांगणार नव्हतो हेही.

"मग काढ की तुझी गाडी," मी म्हणालो.

"नाही." त्याने टोपी घातली. "तुझं काम आहे ते. मी हात लावला तर ते माझं होईल."

त्याने मला घरापर्यंत ओढून दिले, पण उरलेल्या अर्ध्या वाटेस स्पर्श केला नाही. ट्रक त्याने रस्त्याकडेला ठेवला. नव्या बॅटऱ्या, आणि तो डबा, येण्यास दोन आठवडे लागून त्यानंतरचा बुधवार उजाडला. तोपर्यंत दोनदा बर्फ पडला. गेलनने नेहमीप्रमाणे पहाटे चौतीस घरांच्या वाटा काढल्या. चौतीस अशासाठी की माझी मी त्याला हात जोडून वर्ज्य करावयास लावली. स्वतःच्या दारी मात्र तो किराणा सामानाच्या पिशव्या घेऊन मांडीपर्यंतच्या बर्फातून चालत राहिला. मोकळ्या अर्ध्या भागावर नवा बर्फ पडला की तो फक्त झाडूने तेवढाच झाडी, जेणेकरून कड दिसत राहावी.

आदल्या दिवशी, मंगळवारी, श्रीमती स्टॅल्की वही घेऊन आल्या. संपूर्ण रस्त्यावर एकच वाट अर्धी, हा कलमाचा भंग होता. गेलन त्यांना हात धरून कडेपर्यंत घेऊन गेला. मी खिडकीतून पाहत होतो.

"वर्लिननं केलंय," तो सांगत होता. "चर्च सोडून आला माझ्यासाठी. पाठ धरलेली असताना. उद्या बाकीचं करणार आहे."

श्रीमती स्टॅल्की वाकून कड पाहू लागल्या. मग फ्लोरिडावाल्यांना दाखवण्यासाठी त्याने त्या कडेचे छायाचित्र काढले. तो तेथे कॉफीचा पेला हातात घेऊन उभा होता, बर्फाच्या भिंतीस पाठ लावून, आणि ज्या मनुष्याचे या जगात कोणीतरी आहे अशा मनुष्याची स्वस्थता त्याच्या चेहऱ्यावर होती. मी पुष्कळ वेळ पाहिले. खोटे सांगण्यात अर्थ नाही. वर्लिनसारखा शेजारी त्याला लाभला, याचा मला मनापासून हेवा वाटला.